दोर कुणी बांधला

ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी घरांत गुरुनाथ सबनीसला नावं ठेवणारं माणूस सापडणं कठीण. अमेरिकेत नव्यानं आलेल्या पोराला विमानतळावरून आणायचं असो, गणपतीसाठी हॉल बघायचा असो, पहिला फोन सबनीसकाकांना जायचा. गडी मूळचा मिरजेचा. सांगलीला इंजिनिअर झाला, एम.एस.साठी कोलंबसला आला आणि पंप बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला तो चिकटलाच. बोलका, हौशी, दुसऱ्याच्या अडीअडचणीला धावणारा माणूस.

त्याची एक खोड मात्र होती आणि ती इतकी बारीक होती की कुणाला खोड वाटायचीच नाही. स्वतःचं काही चुकलं की त्याची जीभ आपोआप बायकोकडे वळायची. जेवायला उशिरा पोचले, की "शुभाचं आवरत नव्हतं." हायवेवर एक्झिट चुकली, की "शुभानं नकाशा उलटा धरला होता." सांगायचाही असं रंगवून, की ऐकणारे हसायचे आणि त्यांच्याबरोबर शुभाही हसायची. ती एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. मुळात कमी बोलणारी बाई. मुलगी वल्लरी इथंच जन्मली, वाढली, आता पिट्सबर्गला नोकरी करत होती. ती फोनवर म्हणायची, "आई, यू आर सो फनी." शुभा म्हणायची, "हो ना."

पन्नाशी उलटल्यावर गुरुनाथनं बोट घेतली. ऑफिसातला त्याच्याच वयाचा एक मित्र टेबलाशी बसल्या बसल्या गेला, तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं होतं, की आता थोडं जगून घ्यायचं. जुनी, छोट्या केबिनची बोट होती. पुढच्या भागात दोन माणसं झोपतील एवढी जागा. त्यानं तिला 'कृष्णा' नाव दिलं आणि झेन्सव्हिलजवळ मस्किंगम नदीवर ठेवली. शुभाला पोहता येत नव्हतं. "मी असताना तुला काय होतंय?" असं तो म्हणाला आणि ती लाइफ जॅकेट घालून त्याच्या शेजारी बसायला लागली. उन्हाळ्यात मराठी मंडळाची माणसं यायची, पाण्यावर पोहे व्हायचे.

त्यांच्या शेजारी डेल नावाच्या माणसाची बोट असायची. पोस्टातून रिटायर झालेला, पांढऱ्या मिशांचा, सावकाश बोलणारा. दर सप्टेंबरात मस्किंगम जिथं ओहायो नदीला मिळते तिथं, मॅरिएटाला, आसपासचे बोटवाले जमायचे. दोन दिवस खाणंपिणं, गप्पा, एकमेकांच्या बोटी बघणं. दोन हजार पाचच्या सप्टेंबरात डेलनं गुरुनाथला विचारलं, "येता का? माझ्या मागोमाग या."

जायचं तर वाटेत लॉक होती. लॉक म्हणजे बंधाऱ्याशेजारचा उंच दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. वरच्या अंगानं बोट आत घ्यायची, मागचं दार लागलं की हौदातलं पाणी हळूहळू सोडतात, बोट पाण्याबरोबर खाली उतरते आणि खालच्या नदीच्या पातळीला आली की पुढचं दार उघडतं. मस्किंगमवरची ही दारं अजून माणसं हातानं उघडतात, बैलाच्या घाण्यासारखा दांडा गोल फिरवत. बोट हौदात इकडेतिकडे आपटू नये म्हणून काठावरच्या खुंटाला दोर घालून त्याचं टोक हातात धरायचं आणि बोट उतरेल तसा तो सोडत जायचा. डेलनं दोघांना धक्क्यावर उभं करून दाखवलं होतं. दोर धरायचा, बांधायचा नाही. बांधला तर पाणी खाली जाईल आणि बोट दोराला लटकेल.

शुक्रवारी सकाळी निघाले. हवा छान होती, काठावर मक्याची शेतं पिवळी पडत होती. पुढं डेल आणि त्याची बायको रूथ, मागं 'कृष्णा'. पुढचा दोर शुभाकडे, मागचा गुरुनाथकडे. पहिलं लॉक नीट पार पडलं, दुसरंही. शुभा ओठ घट्ट मिटून दोर सोडत होती. दुसऱ्या लॉकमधून बाहेर पडल्यावर गुरुनाथनं पाहिलं, ओल्या दोरानं तिचे तळवे लालभडक झाले होते.

"हातमोजे का नाही आणलेस?" तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलं नाहीत."

तिसऱ्या लॉकमध्ये बोट खुंटाला लागल्याबरोबर तो पुढं गेला आणि त्यानं दोर तिच्या हातातून घेतला. "दे इकडे. हात सोलून निघालेत तुझे." त्यात प्रेमच होतं, खोटं कशाला सांगा. बोटीच्या कडेला दोर अडकवायचा लोखंडी खुंटा होता, त्याला त्यानं चार वेढे दिले आणि वर गाठ मारली.

"बांधू नका ना. डेल म्हणाला होता..."

"अगं दोन मिनिटं. मी बघतोय. तू बस जरा."

आणि तो मागं आपल्या दोराशी गेला. पुढच्या बोटीत डेल उभा होता. गुरुनाथला एक विनोद आठवला, तो त्यानं ओरडून सांगितला. डेल हसला. गुरुनाथ सवयीनं मागचा दोर सोडत राहिला आणि पुढच्या दोराचं त्याच्या डोक्यातून पार गेलं.

आधी केबिनमध्ये काहीतरी घरंगळल्याचा आवाज झाला. मग पायाखालची फळी कलली. वळून बघतो तर बोटीचं नाक वर राहिलेलं आणि मागची बाजू पाण्याबरोबर खाली चाललेली. थर्मास, डबे, उशा सगळं त्याच्या दिशेनं घसरत आलं आणि त्याबरोबर शुभाही. तिनं आधाराला हात पुढं केला आणि मनगट लोखंडी कठड्यावर आदळलं. ती ओरडली नाही. तिच्या तोंडून फक्त श्वास आत ओढल्यासारखा आवाज आला.

वर भिंतीवरून बाईचा आवाज आला, "पाणी थांबवा." लॉकवर काम करणारी पॅटी नावाची दणकट बाई होती, तिच्या साथीदारानं झडप फिरवली. गुरुनाथ हातापायांवर रांगत पुढं चढला, पण बोटीच्या ओझ्यानं दोर तारेसारखा ताणला होता. गाठ बोटांनी हलेना. पॅटी कुऱ्हाड घेऊन आली, "मागं सरका," म्हणाली आणि एका घावात तिनं दोर तोडला. बोट धाडकन पाण्यावर पडली. हौदभर लाट उसळली, डेलची बोट भिंतीवर जाऊन घासली. मग सगळं शांत झालं.

पॅटी काठावर गुडघे टेकून खाली वाकली. ती चिडलेली नव्हती, घाबरलेली होती. "कुणी बांधला तो दोर?"

गुरुनाथला नंतर कितीदा तरी वाटलं, की मध्ये विचार करायला एक क्षण मिळाला असता तर. पण तसा क्षण त्यानं घेतलाच नव्हता. उत्तर तयारच होतं.

"माझी बायको," तो म्हणाला. "ती यात नवी आहे."

शुभा मनगट पोटाशी धरून बसली होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग पॅटीकडे बघून म्हणाली, "सॉरी."

पॅटीचा चेहरा मऊ झाला. "होतं असं, हनी. मी सांगते, ऐक." आणि मग त्या भल्या बाईनं वरून, एका वेगळ्या दोराचा तुकडा हातात घेऊन, शुभाला दोर कसा धरायचा ते सावकाश, लहान मुलाला शिकवावं तसं शिकवलं. शुभा मान हलवत राहिली. "समजलं?" "येस. थँक यू." गुरुनाथ शेजारी उभा होता. अजून सांगता आलं असतं. पॅटी दांड्याकडे जाईपर्यंत सांगता आलं असतं. त्यानं तुटक्या दोराचं टोक उचललं आणि ते न्याहाळत बसला.

लॉक मागं पडलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते असं, "चहा राहिलाय का थोडा?"

शुभानं डाव्या हातानं थर्मास उचलला, गुडघ्यांत धरून झाकण उघडलं आणि त्याला चहा दिला.

मॅरिएटाला पोचले तेव्हा धक्क्यावर पताका लागल्या होत्या. रात्र बोटीतच काढली. शनिवारी वल्लरी पिट्सबर्गहून गाडी घेऊन आली, तोवर रूथनं शुभाच्या मनगटाला पट्टा गुंडाळून दिला होता. रूथ त्या वेळी आपल्या केबिनमध्ये होती, तिला माहीत होतं ते लॉकमध्ये ऐकलं तेवढंच.

"आई, व्हॉट हॅपन्ड?" वल्लरीनं विचारलं.

शुभा बोलायच्या आत रूथच म्हणाली, "तुझ्या आईनं दोर बांधून टाकला बिचारीनं. बोट लटकली."

वल्लरी कॉलेजात असताना होड्या वल्हवायची. तिला या गोष्टी माहीत होत्या. तिचा जीव घाबरला आणि घाबरली की ती रागवायची. "आई, यू नेव्हर टाय ऑफ इन अ लॉक. नेव्हर. बाबा पण होते बोटीत. यू कुड हॅव किल्ड समबडी." ती पुष्कळ बोलली. शुभा ऐकत होती. गुरुनाथ तिथंच तीन हातांवर खुर्ची उघडत होता. खुर्ची एकदा उघडून झाली तरी तो तिच्याशी झटत राहिला.

दिवसभर लोक भेटत होते. पांढऱ्या केसांची जोडपी, पाणी कापणाऱ्या मोठ्या चाकावर चालणाऱ्या जुन्या बोटींचे मालक, पेन्सिल्व्हेनियाहून ओहायो नदी उतरून आलेला एक पाद्री. सगळे भले. जो तो शुभाच्या मनगटाकडे बघून सांगत होता, की आपलंही एकदा असंच झालं होतं. ती "थँक यू" म्हणत होती. गुरुनाथला कुणी "तुम्ही कसे आहात?" म्हटलं की तो काहीतरी आणायच्या निमित्तानं बोटीवर जायचा. दुपारी त्यानं तिला बर्फ आणून दिला. तिनं तो घेतला, मनगटावर ठेवला आणि नदीकडे बघत राहिली.

संध्याकाळी उजेड असतानाच जेवणं झाली. जेवणानंतर त्या मेळाव्यातला जुना गमतीचा कार्यक्रम. वर्षभरात ज्यानं सगळ्यात मोठा घोटाळा केला असेल, त्याला बूड नसलेली बादली भेट द्यायची. गेल्या वर्षीचा मानकरी उभा राहिला, त्यानं तिसऱ्या लॉकमध्ये भिंतीला लटकलेल्या बोटीची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "मिसेस शुभा सबनीस."

टाळ्या पडल्या. गुरुनाथनंही टाळ्या वाजवल्या. हात थांबवले तर लोक बघतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

शुभा उठली. पुढं गेली. डाव्या हातात बादली घेतली आणि जागेवर परत यायला वळली. मग थांबली.

"थँक यू," ती इंग्रजीत म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. "पण ही बादली दोर बांधणाऱ्यासाठी आहे ना? दोर मी नाही बांधला. माझ्या नवऱ्यानं बांधला. मी बांधू नका म्हटलं होतं."

आणि हशाचा असा काही लोट उठला, की काठावरची बदकं उडाली. लोकांना वाटलं, ही बाई नवऱ्याची गंमत करतेय. "सगळ्या बायका हेच म्हणतात," कुणीतरी मागून म्हणालं. माना गुरुनाथकडे वळल्या. त्यानं काय करावं? पकडला गेल्यासारखे दोन्ही हात वर केले आणि हसला. लोक आणखी हसले. शुभा म्हणाली ते खरंच होतं आणि हात वर करून त्यानं ते पुन्हा एकदा खोटं करून टाकलं होतं.

शुभा हसली नव्हती. तिनं बादली त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि गाडीच्या दिशेनं चालायला लागली. आणि वल्लरीही हसली नव्हती.

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. आजूबाजूला पुढचा कार्यक्रम सुरू झाला होता. तिनं हळू आवाजात, आणि मराठीत, विचारलं, "बाबा, तुम्ही बांधला?"

"हो."

"मी आईला एवढं बोलले. तुम्ही तिथंच होतात."

"हो."

ती आणखी काही म्हणेल म्हणून तो वाट बघत राहिला. ती उठली आणि आईच्या मागं गेली.

तो गाडीपाशी पोचला तेव्हा शुभा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसली होती. वल्लरी तिचं सामान आणायला बोटीवर गेली होती. त्यानं खिडकीशी वाकून म्हटलं, "शुभा, माझं चुकलं."

"मी वल्लरीबरोबर घरी जाते. बोटीनं नाही येत."

"हो. जा. पण माझं ऐक ना, त्या बाईनं एकदम विचारलं आणि..."

"मिरजेला आई गेल्या तेव्हाही तुमच्या दादांनी एकदम विचारलं होतं," शुभा म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, शुभाचा पासपोर्ट सापडेना म्हणून निघता आलं नाही. माझा पासपोर्ट कपाटात होता. तुम्हाला त्या आठवड्यात प्रमोशनचा इंटरव्ह्यू होता. मी म्हटलं, जाऊ दे, आधीच आई गेल्यात, यांना आणखी कशाला. पण तेव्हापासून मिरजेला गेले की जाऊबाई माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. तुमच्या ते लक्षात तरी आहे का?"

त्याच्या लक्षात नव्हतं. म्हणजे वहिनी शुभाशी तुटक वागतात हे माहीत होतं, पण त्याचं कारण काय हे तो कधीच विसरून गेला होता. 'बायकांचं काहीतरी असेल' असं मनाशी धरून चालला होता. तो गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. नाही म्हणायची हिंमत नव्हती आणि हो म्हणणं खोटं झालं असतं.

"काच वर करते," शुभा म्हणाली. "डास येतायत."

रविवारी सकाळी परत निघायचं होतं. बोट एकट्यानं लॉकमधून नेणं अवघड, म्हणून रूथनं आपल्या बोटीचं सुकाणू घेतलं आणि तिच्या सोबतीला पलीकडच्या बोटीवरची एक मैत्रीण आली. डेल 'कृष्णा'वर आला आणि पुढचा दोर त्यानं घेतला. रूथ पुढं, हे मागं. जाताना तिसरं होतं ते लॉक आलं, तसा गुरुनाथ मागचा दोर धरून उभा राहिला. वर काठावर पॅटीच होती. तिनं खाली डोकावून बघितलं.

"मिसेस कुठंयत?"

"घरी गेली. मुलीबरोबर." त्यानं मान वर केली. "मॅम, त्या दिवशी दोर तिनं नव्हता बांधला. मी बांधला होता. ती नको म्हणत होती."

पाणी वर चढत होतं. बोटीबरोबर तोही एकेक दगड वर येत होता, पॅटीच्या जवळ. डेलनं दोर आवरता आवरता एकदा मागं बघितलं आणि पुन्हा मान फिरवली. पॅटी रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

ती म्हणाली, "तिचा हात कसा आहे?"

आणि गुरुनाथला कळलं, की आपल्याला माहीत नाही. हात कसा आहे हे त्यानं विचारलंच नव्हतं. लॉकमध्ये नाही, धक्क्यावर नाही, गाडीपाशी नाही. बर्फ दिला होता तोही न बोलता. काल संध्याकाळी गाडीशी वाकून तो बोलला ते सगळं स्वतःबद्दलच.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

पॅटीनं दार उघडायला दांडा धरला. झेन्सव्हिल येईपर्यंत डेल दोराखेरीज कशाबद्दल बोलला नाही. उतरताना त्यानं गुरुनाथच्या खांद्यावर हात ठेवला, तोही त्याला सोसवला नाही.

घरी पोचला तेव्हा शुभाच्या हाताला प्लास्टर होतं. वल्लरी तिला सकाळीच हॉस्पिटलला घेऊन गेली होती, हाडाला चीर पडली होती. त्यानं विचारलं, "दुखतंय का?" शुभा म्हणाली, "दुखतंय." तो स्वयंपाकघरात गेला आणि त्यानं खिचडी टाकली. पुढचे कितीतरी दिवस तो तिची वेणी घालत होता. जमत नव्हती. ती आरशात बघून "राहू दे, चालेल," म्हणायची.

दिवाळीच्या फराळाला मंडळी जमली, तेव्हा प्लास्टर निघालं होतं, पण मनगट सुजलेलंच होतं. नंदा म्हणून एकीनं विचारलं, "शुभाताई, हे काय गं?" चार लोकांनी सवयीनं गुरुनाथकडे बघितलं, आता किस्सा येणार म्हणून. चेहऱ्यांवर हसू आधीच आलं होतं. तो म्हणाला, "मी दोर बांधायचा नाही तिथं बांधला. ती पडली. आणि मी सगळ्यांना सांगितलं, तिनं बांधला म्हणून." हसू कुठं ठेवावं हे लोकांना कळेना. मग कुणीतरी चकलीची डिश पुढं सरकवली. शुभा खाली बघत होती. तिला ते आवडलं की नाही, ते त्याला कळलं नाही आणि विचारायचा हक्कही आपल्याला राहिलेला नाही असं त्याला वाटलं.

मिरजेला फोन करायला मात्र त्याला थंडी सरेपर्यंत धीर झाला नाही. कितीदा नंबर फिरवून त्यानं फोन खाली ठेवला. शेवटी एका शनिवारी सकाळी लागला, तो वहिनींनीच उचलला. दादांना आताशा ऐकू येत नसे. त्यानं एका दमात सांगून टाकलं, पासपोर्टचं, इंटरव्ह्यूचं, सगळं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आईंना शेवटपर्यंत तुझी वाट होती रे," वहिनी म्हणाल्या. "आणि मी त्या पोरीला एवढ्या वर्षांत काय काय बोलले. आता कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी?" आणि फोन ठेवला.

शुभानं आतून विचारलं, "कुणाचा होता?" त्यानं सांगितलं. ती हातातलं फडकं तसंच धरून खुर्चीत बसली. "त्यांना काय वाटलं असेल," एवढंच म्हणाली.

पुढच्या आठवड्यात वहिनींचा फोन आला, शुभासाठी. तिनं तो झोपायच्या खोलीत नेला आणि दार लोटून घेतलं. गुरुनाथ बाहेर सोफ्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसला. आतून कधी शुभाचा आवाज यायचा, कधी बराच वेळ काहीच नाही. एकदा ती रडतेय असं वाटलं, एकदा हसतेय असं. घड्या संपल्या. तिच्या ओढणीची घडी त्यानं मोडून पुन्हा घातली. दारापर्यंत जाऊन ऐकावंसं वाटलं, पण तो गेला नाही.

फोन संपला तरी शुभा लगेच बाहेर आली नाही. तो तिथंच बसून राहिला.